अलोहा स्टेशनची शिस्त तापीवर कशी आणायची? नायट्रेट-फॉस्फेटच्या दीर्घ नोंदींबद्दल प्रश्न

तापीकाठ (शहादा)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. पर्यावरण रसायनशास्त्राच्या मुलांना यंदा खुल्या समुद्राच्या दीर्घ नोंदी वाचायला दिल्या आहेत. हवाईजवळचं अलोहा स्टेशन आणि बर्म्युडाजवळचं बॅट्स. दोन्ही ऑक्टोबर १९८८ पासून सुरू, जवळपास दर महिन्याला एक फेरी. आलेख मुलांनी काढले, अडलं ते पुढे. साडेतीन दशकांत माणसं बदलली, यंत्रं बदलली, रसायनांचे लॉट बदलले. मग १९९० चा नायट्रेटचा आकडा आणि २०२० चा आकडा एकाच रेषेवर ठेवायचा हक्क त्यांना मिळतो कुठून?

दुसरा भाग घरचा आहे. प्रकाशा गावच्या पुलावरून तापीचा नमुना दर महिन्याला घ्यायचा, नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट मोजायचं, आणि पुढच्या बॅचेसनी ते चालू ठेवायचं, असा विचार आहे. हाताशी एक यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, १ आणि ५ सेंटिमीटरच्या सेल, एक डीप फ्रीझर. ऑटोअ‍ॅनालायझर नाही. मे महिन्यात प्रयोगशाळेतच पारा बेचाळिशीला टेकतो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी कशावर अजिबात तडजोड करू नये आणि कुठे भागवून नेलं तरी चालेल? नायट्रेट मोजण्याआधी त्याचं नायट्राइट करावं लागतं, त्यासाठी कॅडमियमचा कॉलम करावा की व्हॅनेडियम वापरावं, तेही सांगा.

शेवटचं. तापीतला युरिया अरबी समुद्रात जाऊन काय करतो, हे मुलं हमखास विचारतात. त्याचं उत्तर आपल्या नोंदीतून मिळेल का?

निळं_मोलिब्डेनम

तो हक्क खोल पाण्यातून मिळतो, ताई. अलोहाला (२२ अंश ४५ मिनिटं उत्तर, १५८ अंश पश्चिम) खोली सुमारे ४,७५० मीटर आहे. तळाजवळच्या पाण्याला पृष्ठभाग सोडून शतकं उलटलीत. दहा वर्षांतही त्याचं नायट्रेट आपल्या पद्धतीला कळेल इतकं हलत नाही. त्यामुळे फेरीचे आकडे हातात आले की आधी ४,००० मीटरखालचे आकडे पाहायचे. तिथे नायट्रेट मागच्या फेऱ्यांपेक्षा दोन टक्क्यांनी वर दिसलं, तर संशय समुद्रावर घ्यायचा नाही, प्रमाण द्रावणावर (ज्याची तीव्रता आधीच माहीत असते त्यावर) घ्यायचा. जगभरच्या मोहिमांचे आकडे एकत्र करणारा ग्लोडॅप नावाचा संच याच तत्त्वावर उभा आहे. दोन मोहिमांचे मार्ग जिथे छेदतात तिथलं खोल पाणी ताडून बघतात. पोषकद्रव्यांत (नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट) २ टक्के, ऑक्सिजनमध्ये १ टक्का, विरघळलेल्या एकूण अकार्बनी कार्बनमध्ये किलोमागे ४ मायक्रोमोल, यापेक्षा मोठा फरक असेल तरच दुरुस्तीचा विचार होतो.

दुसरा आधार प्रमाणित संदर्भ पाण्याचा. कार्बनसाठी अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने तयार केलेल्या बाटल्या, पोषकद्रव्यांसाठी जपानच्या कान्सोच्या. दर धावेत, म्हणजे मोजणीच्या दर खेपेला, या बाटलीतलं पाणी नमुन्यासारखंच मोजायचं आणि आलेला आकडा जसाच्या तसा वहीत ठेवायचा. इतका आटापिटा का, ते अलोहाच्या पृष्ठभागावरच्या कार्बनवरून कळतं. तो किलोमागे दोन हजार मायक्रोमोलच्या आसपास आहे आणि वर्षाला साधारण १ मायक्रोमोलने वाढतो. संदर्भाच्या आकड्यात २ मायक्रोमोलची चूक राहिली की दोन वर्षांचा बदल गिळला. पीएचचंही तेच. तिथे तो वर्षाला ०.००१८ च्या आसपास घसरतो, आणि कॉलेजातला काचेचा इलेक्ट्रोड ०.०१ पर्यंत सहज इकडेतिकडे होतो, म्हणजे पाच-सहा वर्षांची घसरण त्या डुगडुगण्यातच बुडाली. म्हणून समुद्रवाले पीएच मेटा-क्रेसॉल पर्पल या रंगद्रव्याने, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतात.

तापीला असं न हलणारं खोल पाणी नाही. तेव्हा तुमचा खोल समुद्र तुम्हालाच बाटलीत भरून ठेवावा लागेल, आणि माझ्या मते या सगळ्या योजनेत न टाळण्यासारखं काम हेच आहे. कृती अशी: २० लिटर डीआयोनाइज्ड पाणी घ्या. त्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम शुद्ध मीठ घाला आणि मोजून नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट घाला, तुमच्या नमुन्यांच्या मधल्या पातळीला येईल इतकं. ०.४५ मायक्रॉनमधून गाळून १०० मिलिलिटरच्या पॉलिप्रॉपिलिनच्या बाटल्या भरा, ऑटोक्लेव्ह करा, अंधारात ठेवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी यासाठी नको. आपल्याकडचं पाणी जड. ऑटोक्लेव्हमध्ये बायकार्बोनेट फुटून चुना खाली बसतो आणि फॉस्फेट स्वतःबरोबर घेऊन जातो.

प्रत्येक बाटली ऑटोक्लेव्हमधून काढून थंड झाल्यावर वजन करून ते वजन बाटलीवरच लिहा. उघडण्याआधी पुन्हा वजन करा. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात झाकणातून पाणी उडतं, आणि १०० ग्रॅममध्ये १ ग्रॅम उडालं तर सगळे आकडे एक टक्क्याने वर सरकतात. वजन लिहिलेलं असेल तर दुरुस्ती करता येते.

दर महिन्याच्या धावेत दोन बाटल्या, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. वर्षभराचा साठा उरला की नवा घाणा काढा आणि ते वर्षभर जुना-नवा दोन्ही एकत्र मोजा. जुना संपल्यावर नवा काढला तर साखळी तिथेच तुटली. मग तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे कुठल्याही सांख्यिकीने जोडले जात नाहीत.

डेकवरचा

वरचं सगळं बरोबर, पण आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या आधी. जहाजावर रोझेट (बाटल्यांचं गोल चाक) वर आलं की निस्किन बाटलीला, म्हणजे खोलवर बंद होऊन तिथलं पाणी आणणाऱ्या बाटलीला, हात लावायची एक रीत असते. वरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून खालचा नळ ओढायचा. पाणी वाहायला लागलं तर बाटली गळकी आहे, वर येताना उथळ पाणी आत शिरलेलं असू शकतं. तशी शेऱ्याच्या रकान्यात नोंद. बहुतेकदा कारण ओ-रिंगवरचा केस किंवा मिठाचा कण एवढंच निघतं. नंतर स्क्रू उघडायचा आणि नमुने ठरलेल्या क्रमाने काढायचे: आधी वायू, म्हणजे ऑक्सिजन, मग कार्बन आणि पीएच, मग पोषकद्रव्यं, शेवटी क्षारता. बाटली जसजशी रिकामी होते तसतशी वरची हवा पाण्यात मिसळते, म्हणून क्रम असा.

ऑक्सिजनची नळी फ्लास्कच्या तळापर्यंत, एकही बुडबुडा नको, फ्लास्कच्या तिप्पट पाणी ओसंडून जाऊ द्यायचं. नमुना काढतानाचं तापमान लिहायचं. मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड प्रत्येकी १ मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. हलवायचं, गाळ अर्ध्यापर्यंत बसू द्यायचा, पुन्हा एकदा हलवायचं. दुसऱ्यांदा हलवायचा कंटाळा केला की आकडा कमी येतो.

कार्बनच्या बाटलीत मर्क्युरिक क्लोराइडचं संपृक्त द्रावण टाकतात, अर्ध्या लिटरला ०.१ मिलिलिटर, म्हणजे जिवाणू पुढे काही खात नाहीत. तुम्ही कार्बन मोजत नाही, तर या फंदात पडू नका. पाऱ्याचा कचरा सांभाळणं हे स्वतंत्र काम आहे.

पुलावरचं म्हणाल तर पत्र्याची बादली नको, प्लॅस्टिकची घ्या. पुलाच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या मध्यावर, अर्धा मीटर खोलीवर. हातात पावडर नसलेले नायट्राइल मोजे, कारण बोटांच्या घामातून आणि साबणातून फॉस्फेट येतं. बाटल्या एचडीपीईच्या, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून डीआयोनाइज्ड पाण्याने धुतलेल्या. फॉस्फेटयुक्त डिटर्जंट त्या सिंकपाशीही नको. गाळणी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची. सेल्युलोज नायट्रेटची घेतली तर नावातच उत्तर आहे.

आणखी एक. प्रकाशाला घाटावर अस्थिविसर्जन होतं. हाडांची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. घाटाच्या खालच्या अंगाला नमुना घेतलात तर तुमची फॉस्फेटची नोंद तापीपेक्षा पंचांगाच्या तिथी सांगेल. गोमाई नदी तापीला मिळते त्याच्या वर घेता की खाली, तेही एकदा ठरवा आणि मग ती जागा हलवू नका.

केमिस्ट_यावल

नायट्रेटबद्दल. कॅडमियमचा कॉलम ही समुद्रवाल्यांची जुनी, भरवशाची पद्धत. पण तो जिवंत ठेवावा लागतो. समान तीव्रतेचं नायट्राइट आणि नायट्रेट पाठोपाठ मोजून रूपांतर ९५ टक्क्यांच्या वर आहे का, हे दर धावेला पाहायचं. घसरलं तर विरल आम्ल, कॉपर सल्फेट, पुन्हा बफर. नमुन्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर कॉलम काळा पडून बसतो. शिवाय वापरलेलं कॅडमियम बेसिनमध्ये ओतता येत नाही. महिन्यातून एकदाच मोजणी असलेल्या कॉलेजात तो कॉलम मधल्या दिवसांत कोरडा पडून मरतो.

व्हॅनेडियम घ्या. ८०० मिलिग्रॅम व्हॅनेडियम ट्रायक्लोराइड १०० मिलिलिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात. विरघळवताना आम्लाच्या वाफा येतात, फ्यूम हूडमध्ये करा. गाळून गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. बरोबर सल्फानिलामाइड २ टक्के (५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात) आणि नॅप्थिलइथिलिनडायअमाइन डायहायड्रोक्लोराइड ०.१ टक्का. नमुना ५ मिलिलिटर, व्हॅनेडियम ५, उरलेली दोन्ही २.५-२.५. रंग ५४० नॅनोमीटरला वाचा. १ सेंटिमीटरच्या सेलमध्ये ५० मायक्रोमोलपर्यंत सुखाने जातं, त्याच्या वर नमुना पातळ करा. हे नायट्रेट अधिक नायट्राइट आहे. व्हॅनेडियम न घालता दुसरी नळी करून नायट्राइट वजा करायचं.

यात फसायला होतं ते तापमानात. खोलीच्या तापमानाला ही अभिक्रिया रात्रभर घेते, ४५ अंशांना तासाभरात होते. जानेवारीत रात्रभर आणि मेमध्ये दुपारभर असं केलंत तर रंगाची पूर्णता ऋतूप्रमाणे बदलेल, आणि तुमच्या आलेखात एक सुंदर वार्षिक चक्र दिसेल जे नदीत नाहीच. वॉटर बाथ ४५ अंशांवर, प्रमाण द्रावणं आणि नमुने एकाच रॅकमध्ये, एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर.

फॉस्फेटला मर्फी आणि रायली यांची १९६२ ची पद्धत. मिश्रण १०० मिलिलिटरचं: ५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ५०, पोटॅशियम अँटिमोनिल टार्ट्रेट ५ (५०० मिलिलिटरमध्ये १.३७१५ ग्रॅम), अमोनियम मोलिब्डेट १५ (५०० मध्ये २० ग्रॅम), अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ३० (१०० मध्ये १.७६ ग्रॅम). याच क्रमाने, प्रत्येक घालणीनंतर हलवून. ५० मिलिलिटर नमुन्याला ८ मिलिलिटर. १० ते ३० मिनिटांत ८८० नॅनोमीटरला वाचा. हे मिश्रण चार तासांपलीकडे ठेवू नका, आणि उन्हाळ्यात तर लागेल तेवढंच करा. अ‍ॅस्कॉर्बिक फ्रिजमध्येही आठवडाभरच टिकतं. ते पिवळं दिसलं की फेका. ५ सेंटिमीटरच्या सेलमध्ये १ मायक्रोमोल फॉस्फेटला शोषण सुमारे ०.१ येतं, तापीसाठी एवढं पुरे. आर्सेनेटही हाच निळा रंग देतं. अलोहासारख्या ठिकाणी पृष्ठभागावर फॉस्फेट इतकं कमी असतं की आर्सेनेटची भेसळ गंभीर होते, तिथे आधी त्याचं आर्सेनाइट करून घेतात. तुम्हाला त्याची काळजी नाही.

पावसाळ्यात गाळूनही पाण्याला रंग राहतो. प्रत्येक नमुन्याची रसायन न घातलेली सेल वाचून ते शोषण वजा करायला विसरू नका.

आता फ्रीझर. नायट्रेट-फॉस्फेटचे नमुने गोठवले तर चालतात. बाटली तीन चतुर्थांशच भरा आणि उभी ठेवा. काठोकाठ भरली तर गोठताना शेवटी उरलेलं तीव्र पाणी झाकणातून बाहेर ढकललं जातं. पण सिलिकेट गोठवू नका. समुद्रावर पृष्ठभागाजवळ सिलिकेट कमी असतं म्हणून गोठवणं खपून जातं. आपली नदी बेसॉल्टवरून येते, तिच्यात ते लिटरला काही शे मायक्रोमोल असू शकतं. इतक्या पाण्यात गोठल्यावर सिलिकाच्या साखळ्या बनतात, त्या मोलिब्डेटला दाद देत नाहीत आणि आकडा कमी येतो. सिलिकेटची वेगळी बाटली, गाळून, फ्रिजमध्ये ४ अंशांवर, आठवड्याच्या आत मोजा. काच कुठेच नको, प्रमाण द्रावणालाही नको.

लाइटच्या खेळासाठी फ्रीझरमध्ये पाण्याची एक वाटी गोठवून तिच्यावर रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बर्फाच्या आत बुडालेलं दिसलं की नमुने मधे वितळून पुन्हा गोठले. त्या महिन्याच्या आकड्यांना शंकेचा शेरा.

तापीकाठ (शहादा)

नाण्याचं उद्याच करते. तापमानावरून एक शंका: प्रमाण द्रावणाचं स्टॉक जानेवारीत करून मेपर्यंत वापरलं तर चालेल का? आणि समजा आम्ही गोठवलंच नाही, दोन दिवसांत सगळं मोजून टाकलं, तर?

केमिस्ट_यावल

दोन दिवसांत होत असेल तर उत्तमच. गोठवणं ही सोय आहे, शुद्धता नव्हे. पुलावर गाळा, बर्फात आणा. पण एकदा ताजं मोजायचं ठरवलंत की दर महिन्याला ताजंच. सहा महिने ताजं आणि परीक्षांच्या दिवसांत गोठवलेलं, असं मिसळू नका.

स्टॉकचं गणित असं. पोटॅशियम नायट्रेट १०५ अंशांवर वाळवून १.०११ ग्रॅम लिटरभर पाण्यात म्हणजे १० मिलिमोल. हे २० अंशांना केलं आणि ४२ अंशांना पिपेटने घेतलं, तर पाणी फुगल्यामुळे लिटरमागचं प्रमाण जवळजवळ पाऊण टक्क्याने उतरलेलं असतं. आपल्याकडची क्लास ए काच सहसा २७ अंशांना खूण केलेली, परदेशी २० ला. काचेवर छापलेलं असतं, वाचा. सोपा उपाय म्हणजे सगळी पातळ करणी वजनावर करा. चार दशांशाचा तराजू पिपेटपेक्षा ऋतूंना कमी घाबरतो. जमत नसेल तर स्टॉक, नमुने, फ्लास्क सगळं २७ अंशांच्या बाथमध्ये अर्धा तास ठेवून मग हात लावा. नवीन स्टॉक जुन्यासमोर मोजल्याशिवाय कामाला लावू नका. एक टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर दोन्हींतलं कुठलं चुकलं ते तिसरं करून बघा.

आकडेवाला_धुळे

हाई काम भारी शे, ताई. आकड्यांपुरतं माझं.

मुलांना आधी एककं घोटून घ्या. समुद्राचे आकडे किलोमागे मायक्रोमोल, आपले पाण्याच्या अहवालातले लिटरमागे मिलिग्रॅम, तेही कधी नायट्रेट म्हणून, कधी नायट्रोजन म्हणून. १ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे १६.१ मायक्रोमोल. १ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन म्हणजे ७१.४. पिण्याच्या पाण्याची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे ७२६ मायक्रोमोल. अलोहाच्या पृष्ठभागावर नायट्रेट बऱ्याचदा ०.०१ मायक्रोमोलच्याही खाली असतं. एवढ्या अंतराचे दोन आकडे एकाच अक्षावर काढायचे तर लॉग मापच हवं.

अलोहाच्या फाइलमध्ये -९ म्हणजे मोजणी नाही, बॅट्समध्ये -९९९. सरासरीत हे गेलं की पृष्ठभागावर उणं नायट्रेट निघतं आणि कोणीतरी ते तसंच छापतं. शेऱ्याचे आकडे साधारण असे: २ चांगला, ३ शंकास्पद, ४ वाईट, ९ नमुना नाही. अलोहाच्या संचात पोषकद्रव्यांचे नेहमीचे रकाने वेगळे आणि कमी पातळीचे एलएलएन (नायट्रेट), एलएलपी (फॉस्फेट) हे वेगळे. वरच्या १०० मीटरसाठी नेहमीचा रकाना वापरू नका, तो तिथे आपल्या शोधमर्यादेशी झगडत असतो. कमी पातळीचं नायट्रेट केमिल्युमिनेसन्सने मोजतात. फॉस्फेटला अल्कली घालून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या साक्याबरोबर खाली बसवतात आणि तो साका थोड्याशा आम्लात विरघळवून तीव्र करून घेतात.

तुमच्या वहीतही ३ आणि ४ चे शेरे ठेवा, पण आकडा खोडू नका. पंधरा वर्षांनी कुणाला कळेल की तो ३ खरं तर पुराचा खरा आकडा होता. बाटली क्रमांक, रसायनांचे लॉट, सेलचा क्रमांक, दिव्याचे तास, कोऱ्या चाचणीचं शोषण, संदर्भ बाटलीचा आकडा, सगळं त्याच ओळीत. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. स्पेक्ट्रोफोटोमीटर बदलायचा झाला तर जुन्या-नव्यावर वर्षभर, चारही ऋतूंत, जोडीने.

नदीत तीव्रतेइतकाच प्रवाह महत्त्वाचा. नुसतं नायट्रेट घसरलं म्हणजे काहीच कळत नाही, पाणी वाढलं की ते पातळ होतं. केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र सारंगखेड्याला आहे, पण ते प्रकाशाच्या वर, गोमाई त्यात नाही. बॅरेजचे (नदीवरच्या बंधाऱ्याचे) दरवाजे उघडे की बंद हे नमुन्याच्या दिवशी लिहाच. दरवाजे बंद असताना साचलेल्या पाण्यात शेवाळ नायट्रेट खाऊन टाकतं आणि मार्च-एप्रिलचा आकडा खतापेक्षा शेवाळाची गोष्ट सांगतो. वेळही एकच, सकाळी आठ म्हणजे आठ.

आता अरबी समुद्र. मुलांना स्पष्ट सांगा की या नोंदीतून ते उत्तर निघणार नाही. प्रकाशाच्या खाली उकाईचं धरण आहे, १९७२ पासून. पाणी तिथे थांबतं, डायटम शैवाल सिलिकेट घेऊन तळाला बसतं, नायट्रेटचं चक्र तिथे पुन्हा फिरतं. मग सुरत, मग भरती-ओहोटीची खाडी. खुल्या अरबी समुद्राच्या वरच्या थरात नायट्रेट येतं ते मुख्यतः खालून: उन्हाळी मान्सूनमध्ये पश्चिमेला पाणी वर येतं, आणि उत्तर भागात हिवाळ्यात थंड, कोरड्या वाऱ्याने वरचं पाणी जड होऊन खोलवर मिसळतं.

खोलीवरच्या नायट्रेटलाही तिथे गळती आहे. साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ शून्य. जिवाणू तिथे नायट्रेटवर श्वास घेतात, त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रोजन वायू होतो. जगात खुल्या समुद्रात असे तीनच मोठे पट्टे, दुसरे दोन पूर्व प्रशांतात. किनाऱ्याची नोंद हवी असेल तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर १९९७ पासून चालवलेली बघा. उथळ जागा, पण दर पावसाळ्याच्या शेवटाकडे तळाचं पाणी ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइडपर्यंत जातं. तापीवाल्यांना वाचायला ती अलोहापेक्षा जवळची आहे.

किती वर्षं, हे कोणी विचारण्याआधी: उपग्रहांच्या क्लोरोफिल नोंदींबाबत २०१० मधल्या एका अभ्यासाने सुमारे ४० वर्षं लागतील म्हटलं होतं, तेव्हा कुठे तापमानवाढीचा कल नैसर्गिक चढउतारातून वेगळा दिसेल. पीएच लवकर बोलतो, कारण तो कमी हेलकावतो. पोषकद्रव्यं उशिरा बोलतात.

रात्रपाळी

मधेच विचारतो. आता तरंगती यंत्रं आहेत ना, दर दहा दिवसांनी २,००० मीटरवरून वर येताना नायट्रेट मोजतात. मग जहाज कशाला?

निळं_मोलिब्डेनम

अर्गो फ्लोटवरचा नायट्रेट सेन्सर अतिनील प्रकाशाचं शोषण वाचतो. समुद्राचं ब्रोमाइडही तिथेच शोषतं, ते तापमान-क्षारतेवरून वजा करावं लागतं. पुढे दिवा जुना होतो, काचेवर थर बसतो, आकडा सरकतो. तो पुन्हा जागेवर आणतात कसा? हजार मीटरखालच्या, न बदलणाऱ्या पाण्याच्या आकड्याशी जुळवून, आणि तो आकडा जहाजांच्या बाटल्यांतूनच आलेला असतो. जुळवूनही अचूकता १ मायक्रोमोलच्या घरात राहते. अलोहाचा पृष्ठभाग त्याच्या शंभरपट खाली आहे, तिथे सेन्सर आंधळा. फ्लोटमुळे बाटल्यांची संख्या कमी होईल, बाटली जाणार नाही.

तापीकाठ (शहादा)

तर असं ठरवते: पुलाच्या वरच्या अंगाला, गोमाई संगमाच्या वर, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी आठ. व्हॅनेडियम ४५ अंशांना. सिलिकेट फ्रिजमध्ये, बाकी ४८ तासांत ताजं. संदर्भ बाटल्या दिवाळीच्या सुटीत भरू. सुरुवात जूनपासून, वर्ष नव्या बॅचबरोबर जुळतं म्हणून.

निळं_मोलिब्डेनम

क्रम उलटा झालाय. संदर्भ बाटल्या जूनच्या आधी हव्यात. पहिल्या पाच महिन्यांना मागून आधार देता येत नाही. नाहीतर सुरुवात डिसेंबरला करा. आणि पावसाळ्यात महिन्याला एक नमुना पुरत नाही. वर्षाचं बहुतेक पाणी, आणि त्याबरोबरचं बहुतेक नायट्रेट, त्या तीन-चार महिन्यांत वाहून जातं. जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला घ्या, तपासायला वेळ नसेल तर ते जादा नमुने वेगळ्या शेऱ्याने गोठवून ठेवा आणि त्यातले काही ताज्याशी जोडीने मोजा. मंगळवारला पूर असेल तर बुधवारी जा. तारीख वहीत लिहिली की झालं.

डेकवरचा

पूर असेल तर पुलावर दोघं, आणि बादलीची दोरी कठड्याला, हाताला नाही.